नोकरीत मुरल्यावर व्यवस्थापनाची पुढची पदवी: कोणती घ्यावी, कशी पारखावी?

उंबरठा
दहा-पंधरा वर्षं नोकरी झाली, हाताखाली माणसं आली, की 'आता एमबीए करावं का' हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. त्याबद्दलची माहिती निरनिराळ्या धाग्यांत विखुरली आहे. जाणकारांनी ती एका जागी आणावी म्हणून हा धागा काढतोय. सुरुवात मी करतो, चुकेल तिथे दुरुस्त करा.

विशीतल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी फारसं काही सोडावं लागत नाही. चाळिशीजवळ आलेल्या माणसाचा पगार, पद आणि घरातलं वेळापत्रक, तिन्ही पणाला लागतात. म्हणून कॉलेजांची यादी उघडण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा: 'आज मला अमुक काम मिळत नाही, कारण...'. कारणाच्या जागी जे येईल त्यावर पदवीचा प्रकार ठरतो.

'...कारण मी आजवर एकाच खात्यात राबलो, पूर्ण धंद्याचा नफा-तोटा कधी सांभाळला नाही.' असं असेल तर नोकरी सांभाळून करायचा एक्झिक्युटिव्ह एमबीए. साधारण 18 ते 24 महिने. वर्ग एक आड एक शनिवार-रविवार, किंवा महिना-दोन महिन्यांनी सलग आठवडाभर. शिकागो विद्यापीठाने 1943 मध्ये हा प्रकार सुरू केला. गाभा आजही तोच: रविवारी शिकलेलं सोमवारी कामावर लावून बघायचं.

'...कारण माझं क्षेत्रच वेगळं आहे.' मग पूर्णवेळ एमबीए. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते, आणि क्षेत्र बदलणाऱ्याला नवीन दार उघडून देते ती बहुतेक वेळा हीच इंटर्नशिप. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात तेवढी उसंत सहसा नसते. इन्सिआड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमध्ये जानेवारीच्या तुकडीला मध्ये इंटर्नशिपपुरता अवकाश मिळतो, उन्हाळ्यानंतर सुरू होणाऱ्या तुकडीला तो नाही. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच पदवीसाठी, तुकडी कुठली घेता यावरही फरक पडतो. क्षेत्र बदलायचं असेल तर हे आधी बघा.

'...कारण मला वित्त जमत नाही' किंवा 'आकडेवारी जमत नाही.' यासाठी एमबीए नको. एका विषयाची उणीव एका विषयाच्या अभ्यासाने भरते. त्या विषयातली मास्टर्स, किंवा गुंतवणूक क्षेत्र असेल तर सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांची व्यावसायिक परीक्षा. सीएफएच्या तीन पातळ्या आहेत, प्रत्येकीला सुमारे 300 तासांचा अभ्यास धरतात, शिवाय किमान 36 महिन्यांत मिळून 4000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो.

आणखी एक प्रकार फारसा कोणी विचारत नाही, आणि अनुभवी माणसासाठी मला तो महत्त्वाचा वाटतो: मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठीच बेतलेला एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. एमआयटीच्या स्लोन फेलोजचं मूळ 1931 मधलं. स्टॅनफर्डचा एमएसएक्स (किमान 8 वर्षांचा अनुभव) आणि लंडन बिझनेस स्कूलचा स्लोन मास्टर्स हे त्याच जातीचे. इथे वर्गात सगळेच मुरलेले असतात. मात्र स्टॅनफर्डची पदवी एमएस आहे, एमबीए नाही. तुमच्या क्षेत्रातल्या जाहिरातींत 'एमबीए' ही अक्षरंच मागत असतील तर हे अर्ज करण्याआधी ध्यानात घ्या.

ताळेबंद
उत्तम सुरुवात. पैशांचं मी लिहितो. कुठलंही चलन न घेता मांडू: तुमचं वर्षभराचं हातात येणारं उत्पन्न 100 माना.

एक वर्ष पूर्णवेळ: बुडालेला पगार 100, शुल्क 80, राहण्या-जाण्याचा जादा खर्च 15. एकूण 195. शुल्क कॉलेजप्रमाणे कमी-जास्त होईल, पण बुडालेला पगार हिशेबात धरायचा राहतो, आणि अनुभवी माणसाच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आकडा असतो.
नोकरी सांभाळून: शुल्क 90, प्रवास-मुक्काम 15, कंपनीने दिलेले 30 वजा. एकूण 75.

पुढे 20 वर्षं नोकरी उरली असेल तर पहिल्याला वर्षाला साधारण 10 ने, दुसऱ्याला 4 ने उत्पन्न वाढलं की खर्च वसूल.

अक्षरवेल
ताळेबंद, मांडणी पटली, पण शेवटची ओळ दिशाभूल करेल. दोन गोष्टी राहिल्या. आज खर्च केलेला पैसा आणि पंधरा वर्षांनी येणारा पैसा एका भावाने मोजता येत नाही. आणि वाढ पदवी संपल्यावर सुरू होते, प्रवेश घेतल्यावर नाही.

वर्षाला 8 टक्के दर धरला तर 20 वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या 1 चं आजचं मूल्य 9.82 येतं. पूर्णवेळच्या बाबतीत वाढ एक वर्ष उशिरा सुरू होते, म्हणून 195 गुणिले 1.08, भागिले 9.82, म्हणजे सुमारे 21.4. म्हणजे दरवर्षी निदान 21 ने वाढ हवी. नोकरी सांभाळून केल्यास दोन वर्षांचा उशीर: 75 गुणिले 1.166, भागिले 9.82, म्हणजे जवळपास 9.

आणि वय धरा. पदवीनंतर 10 च वर्षं उरत असतील तर 9.82 च्या जागी 6.71 येतो, आणि पूर्णवेळची वसुली वर्षाला 31 वर जाते. एवढी वाढ सलग दहा वर्षं टिकवणं फार थोड्या पदांवर शक्य आहे. पंचेचाळिशीनंतर पूर्णवेळ पदवी पैशांसाठी घेऊ नये असं मी म्हणतो ते या गणितामुळे. दुसऱ्या कारणांसाठी जरूर घ्यावी.

'वाढ' म्हणजे पदवी न घेता जी बढती मिळालीच असती, तिच्यावरची वाढ. बहुतेकांचं गणित इथे चुकतं. पुढच्या पाच वर्षांची सगळी पगारवाढ ते पदवीच्या खात्यावर टाकतात.

ताळेबंद
मान्य. वरची माझी शेवटची ओळ वाचणाऱ्यांनी रद्द समजावी, अक्षरवेल यांचे आकडे धरावेत.

दुसरी_पाळी
वेळेचं गणितही असंच मांडावं लागतं, कारण अर्धवट सोडणारे पैशांपेक्षा वेळेपायी जास्त सोडतात असं माझं ठाम मत आहे. अँबा ही मान्यता देणारी संस्था एमबीएसाठी 1800 तासांचं अध्ययन अपेक्षिते. दोन वर्षांत, म्हणजे 104 आठवड्यांत वाटलं तर आठवड्याला 17 तासांहून थोडं जास्त. त्यातले 500 तास वर्गाचे धरले, तरी घरी करायचे आठवड्याला साडेबारा उरतात.

साडेबारा तास म्हणजे कामाच्या चार दिवशी रोज दोन तास आणि वर्ग नसलेल्या शनिवार-रविवारी साडेचार. यातलेच दोन-तीन तास गटाच्या ऑनलाइन बैठकांत जातात, आणि त्या बैठकांची वेळ तुमच्या हातात नसते. गटातले लोक तीन वेगळ्या कालक्षेत्रांत असले तर कोणाला तरी पहाटे उठावंच लागतं.

प्रवेशाआधी सहा आठवडे हे करून बघा: तेच चार दिवस, तेच दोन तास, हिशेबशास्त्र आणि संख्याशास्त्राची प्राथमिक पुस्तकं. ही उजळणी पुढे लागतेच. सहापैकी चार आठवडे पाळता आले तर ठीक. दोनच पाळता आले तर वेळापत्रकातून आधी काहीतरी काढा, मग अर्ज भरा. आणि घरच्यांना 'थोडा अभ्यास असेल' असं मोघम सांगू नका. कोणती संध्याकाळ, कोणता रविवार, किती महिने, हे कॅलेंडरवर लिहून समोर ठेवा. त्यांचाही वेळ जाणार आहे, त्यांना तो आधी दिसला पाहिजे.

रानवाट
प्रवेश परीक्षेबद्दल कोणी सांगेल का? शिक्षण सोडून बारा वर्षं झाली की गणिताची भीती बसते.

अक्षरवेल
एमबीएसाठी जगभर चालणारी प्रवेश परीक्षा म्हणजे जीमॅट. आताची जीमॅट 2 तास 15 मिनिटांची आहे. 45 मिनिटांचे तीन भाग: गणित 21 प्रश्न, भाषा 23, आणि डेटा इनसाइट्स म्हणजे तक्ते-आलेख वाचून निष्कर्ष काढण्याचे 20. भूमिती गेली, वाक्यदुरुस्तीही गेली. भागांचा क्रम आपण ठरवायचा, आणि प्रत्येक भागात शेवटी तीन उत्तरं बदलता येतात. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये. गुण 205 ते 805.

जुनी पुस्तकं आणि जुने सल्ले इथे गोंधळ करतात. जुन्या परीक्षेत 700 म्हणजे जो दर्जा, तो आता साधारण 645 ला येतो. त्यामुळे 655 मिळाल्यावर 'सातशे झाले नाहीत' म्हणून पुन्हा परीक्षेला बसायचं कारण नाही.

अनुभवी लोकांसाठी त्याच संस्थेची दुसरी परीक्षा आहे, एक्झिक्युटिव्ह असेसमेंट. 90 मिनिटं, 40 प्रश्न, तीन भाग. तयारी बरीच कमी लागते, आणि बरेच एक्झिक्युटिव्ह एमबीए ती घेतात. जीआरई ही आणखी एक प्रवेश परीक्षा, तीसुद्धा आता 2 तासांच्या आत संपते. तिन्हींचे गुण 5 वर्षं चालतात, म्हणून परीक्षा आधी देऊन कॉलेज सावकाश निवडता येतं. अनेक कॉलेजं अनुभव बघून परीक्षा माफही करतात. पण तुमच्या जुन्या गुणपत्रिकेत गणित कच्चं असेल तर माफी मागू नका. चांगल्या गुणांनी ती बाजू झाकली जाते, आणि पहिल्या सत्रातलं वित्त पचवायची तयारीही त्यातच होते.

भीतीबद्दल: गणित शाळेच्या पातळीचंच आहे. गुण जातात ते वेळेपायी. एका प्रश्नावर चार मिनिटं अडून बसण्याची सवय कामावर उपयोगी असेल, इथे ती मोडावी लागते. अडीच मिनिटं झाली की अंदाजाने उत्तर द्या, खूण करून ठेवा आणि पुढे जा.

मोरपंखी
मान्यता या विषयावर खूप घोटाळा होतो म्हणून सविस्तर लिहिते.

बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या संस्थांची तीन नावं सतत दिसतात: एएसीएसबी (1916 पासून), अँबा (1967 पासून) आणि इक्विस. तिन्ही असलेल्या कॉलेजाला तिहेरी मुकुट म्हणतात. पण तिघी एकच गोष्ट तपासत नाहीत. एएसीएसबी आणि इक्विस पूर्ण संस्थेकडे बघतात, अँबा अभ्यासक्रमाकडे. अँबाच्या अटीत एमबीएच्या विद्यार्थ्याला किमान 3 वर्षांचा कामाचा अनुभव हवा. वर्गात कोण बसणार याची काळजी असलेल्या अनुभवी माणसाला ही अट उपयोगी पडते.

'सदस्य' आणि 'मान्यताप्राप्त' यातला फरक पाहा. एएसीएसबीचं सदस्यत्व आणि मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकावर बोधचिन्ह छापून खाली बारीक अक्षरांत 'सदस्य' लिहिलेलं असतं. तपास त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीत करा, कॉलेजाच्या पानावर नाही. आणि तुमच्या देशात ती पदवी सरकारी किंवा शैक्षणिक कामासाठी धरली जाते का, हा प्रश्न या तिघींहून वेगळा आहे. तो संबंधित सरकारी यंत्रणेलाच लेखी विचारा.

क्रमवारीबद्दलही. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए याद्यांत पगाराचे आकडे पदवीनंतर 3 वर्षांनी माजी विद्यार्थ्यांनी कळवलेले असतात, आणि ते क्रयशक्तीनुसार फिरवलेले असतात. जिथे राहणीमान स्वस्त, तिथला पगार कागदावर फुगलेला दिसतो. तो आकडा तुमच्या बँकेत येणारा आकडा नव्हे.

उंबरठा
मोरपंखी, फार मोलाचं. त्यात भर: कॉलेजाचा रोजगार अहवाल वाचताना छेद बघा. '95 टक्क्यांना नोकरी' हे कशाचे 95? अनेकदा 'नोकरी शोधत असलेल्या आणि माहिती कळवलेल्या' विद्यार्थ्यांचे. कंपनीने पाठवलेले, स्वतःचा धंदा काढणारे, उत्तर न देणारे आधीच वगळलेले असतात. नोकरी सांभाळून करायच्या अभ्यासक्रमात तर बरेच जण जुन्याच नोकरीत राहतात, तेव्हा ती टक्केवारी काहीच सांगत नाही. तिथे विचारायचं ते हे: तीन वर्षांत किती जणांचं पद बदललं, किती जणांचं खातं बदललं, आणि ते कोण.

रानवाट
एक्झिक्युटिव्ह एमबीए करून क्षेत्र बदलता येत नाही का? नोकरी सोडणं बऱ्याच जणांना परवडणारच नाही.

उंबरठा
येतं, पण कॉलेजाकडून फार मदत धरू नका. इंटर्नशिप नसते. प्रत्यक्ष नोकरभरतीसाठी येणाऱ्या कंपन्या पूर्णवेळच्या विद्यार्थ्यांसाठी येतात, आणि कंपनीने पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला त्या भरतीत बसू न देण्याचा नियम काही कॉलेजांत असतो. अर्ज करण्याआधी करिअर विभागाला नेमकं विचारा: कोणत्या सेवा, कोणत्या सत्रापासून, स्वतः पैसे भरणाऱ्याला वेगळ्या का.

व्यवहारात जमतं ते दोन पायऱ्यांत. क्षेत्र आणि काम एकाच वेळी बदलू नका. उत्पादनातला माणूस आधी त्याच उद्योगात वित्त किंवा धोरणाच्या कामावर जातो, मग तेच काम घेऊन दुसऱ्या उद्योगात. पदवीतला मोठा प्रकल्प ज्या कामाकडे जायचं आहे त्यावरच घ्या, म्हणजे मुलाखतीत दाखवायला निदान एक केलेलं काम असतं.

ताळेबंद
कंपनीच्या मदतीबद्दल, कारण सगळ्यांत जास्त तंटे इथे होतात.

मदत दोन प्रकारची: पैशांची आणि वेळेची. पैसे नाही मिळाले तरी वेळेचं पत्र लागतंच. वर्गाच्या दिवशी सुट्टी देऊ, असं कंपनीने लिहून दिल्याशिवाय पुष्कळ अभ्यासक्रम प्रवेश देत नाहीत. हे पत्र साहेबाच्या नावाने घेऊ नका, मनुष्यबळ विभागाकडून घ्या. दोन वर्षांत साहेब बदलतो, आणि तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो.

पैसे देताना कंपनी बाँड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार, करून घेते. त्यात चार गोष्टी वाचा. मुदत कधीपासून मोजायची: प्रत्येक हप्ता भरल्यापासून की पदवी मिळाल्यापासून? यात दोन वर्षांचा फरक पडतो. रक्कम महिन्यागणिक घटते की मुदत पूर्ण होईपर्यंत सगळीच परत मागतात? कंपनीने स्वतः काढून टाकलं तर? 'कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास' असे शब्द असतील तर कपातीत नोकरी जाऊनही पैसे भरावे लागतील. तिथे 'कर्मचाऱ्याने स्वेच्छेने सोडल्यास' असं करून घ्या. आणि चौथी, ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरून कर लागतो का. याचं उत्तर देशागणिक वेगळं, कर सल्लागाराला आधीच विचारा.

मागण्याची वेळ: कंपनीचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरण्याआधी. मागणी एका पानाची, त्यात कोणता विषय कोणत्या चालू कामाला उपयोगी पडेल ते तीन ओळींत. 'माझ्या प्रगतीसाठी' हा मुद्दा कंपनी पैसे देताना मोजत नाही.

सायली_अंगण
कोणी डीबीए केला तर? 'पुढची पदवी' म्हणून आजकाल तोही सुचवतात.

अक्षरवेल
डीबीए, म्हणजे व्यवस्थापनातली डॉक्टरेट, ही संशोधनाची पदवी आहे. साधारण 3 ते 4 वर्षं, बऱ्याचदा जास्त. सल्लागार म्हणून किंवा शिकवण्याकडे वळायचं असेल तर विचार करा. वरच्या पदासाठी तिचा थेट उपयोग क्वचितच. ती अडते ती प्रबंधावर. विषय आपल्याच कंपनीतला घेतात, वर्षभर माहिती जमवतात, आणि मग कंपनी ती छापायला परवानगी नाकारते. विषय ठरवण्याआधी कोणती माहिती, नाव झाकून की उघड, किती वर्षं जपायची, हे कंपनीकडून लेखी घ्या. दुसरं, मार्गदर्शक कॉलेजाच्या नावापेक्षा महत्त्वाचा. त्याच्या हाताखाली सध्या किती विद्यार्थी आहेत आणि आजवर किती जणांचं पूर्ण झालं, हे सरळ विचारायला संकोच करू नका.

दुसरी_पाळी
ऑनलाइनबद्दल राहिलं. इलिनॉय विद्यापीठाने 2016 मध्ये ऑनलाइन एमबीए काढला आणि 2019 मध्ये वर्गात चालणारा पूर्णवेळ एमबीए बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा ऑनलाइन म्हणजे दुय्यम, हे सरसकट खरं नाही. तपासायचं ते: थेट तास आठवड्याला किती, ते तुमच्या घड्याळात केव्हा, प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असं वेगळं लिहितात का, आणि शिकवणारे तेच प्राध्यापक का. नुसत्या ध्वनिचित्रफिती असतील तर शिस्तीचा माणूसही तिसऱ्या महिन्यात मागे पडतो. मुदत नसलेलं काम नोकरीच्या कामापुढे नेहमी हरतं.

रानवाट
खूप खूप आभार सगळ्यांचे. प्रत्यक्ष सुरुवात कुठून करायची?

मोरपंखी
सत्र सुरू होण्याआधी बारा महिने धरा.

पहिले दोन महिने: ते एक वाक्य, सहा आठवड्यांची चाचणी, आणि चार-पाच अभ्यासक्रमांची यादी. प्रत्येक ठिकाणचे दोन माजी विद्यार्थी स्वतः शोधा, पदवी घेऊन तीन ते पाच वर्षं झालेले. कॉलेज जोडून देतं ते समाधानीच असतात. त्यांना विचारा: कोणते दोन विषय निरुपयोगी गेले, गटात न राबणाऱ्याचं काय केलं, किती गैरहजेरी चालते. कॉलेज परवानगी देत असेल तर एक दिवस वर्गात बसा. बोलतंय कोण, प्राध्यापक की वर्ग, हे अर्ध्या तासात कळतं.

तिसरा ते सहावा महिना: परीक्षा आणि कंपनीशी बोलणी, दोन्ही बरोबर.

सातवा-आठवा: निबंध आणि शिफारसपत्रं. दोन पत्रं सहसा लागतात, एक सध्याच्या वरिष्ठाचं. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र घेऊ नका. त्यात विशेषणं असतात, प्रसंग नसतात. वरिष्ठाला तीन प्रसंग तारखांसह लिहून द्या, मजकूर त्यांचा त्यांना लिहू द्या. निबंधात कामगिरीची यादी नको, ती सीव्हीत आहे. वर्गाला तुमच्याकडून काय मिळेल ते लिहा, अनुभवी लोकांच्या वर्गात निवड बरीचशी त्यावर होते.

आणि हे सगळं करण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात: जुन्या विद्यापीठाकडे गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रतींसाठी अर्ज टाका. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या नोंदी काढायला आठवडे लागतात, कधी महिने. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल, पारपत्रावर आणि गुणपत्रिकेवर आद्याक्षरं वेगळी असतील, तर नावबदलाचा कागद आणि लागल्यास प्रतिज्ञापत्र त्याच वेळी तयार ठेवा. परीक्षेची नोंदणी पारपत्रावर जसं नाव आहे अगदी तसंच करा, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात आणि शुल्कही जातं.